थोरल्या जाऊबाईंचे पाय

माझं लग्न झालं तेव्हा मी नागभीडच्या एका शाळेत नुकतीच शिक्षिका म्हणून लागले होते. सासर तिथून जवळच्याच खेड्यात. चारी बाजूंनी धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची बांधबंदिस्त शेतं, मधे तलाव, आणि तलावाच्या पाळीपलीकडे लगेच जंगल. घरात रेल्वेतून गँगमन म्हणून निवृत्त झालेले सासरे, थोरले दीर म्हणजे आमच्याकडचे भासरे, जाऊबाई, त्यांची शाळेत जाणारी मुलगी आणि आम्ही दोघं. सासूबाई माझ्या लग्नाआधीच वारल्या होत्या, त्यामुळे घराचा कारभार जाऊबाईंच्या हातात होता. सगळं गाव त्यांना बाई म्हणायचं, मीही बाईच म्हणू लागले.

बाई तेव्हा पस्तिशीच्या आसपास असतील. उंच, काटकुळ्या, गालाची हाडं वर आलेली. अंगावर मांस म्हणून नव्हतं. पण रोवण्याच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत त्यांची टोळी बांधीत उतरली की बघत राहावं. पऱ्ह्याची, म्हणजे भाताच्या रोपांची पेंढी डाव्या हातात, उजवा हात चिखलात खालीवर, आणि मागे हटता हटता तोंडाने गोष्टी चालू. गावातल्या बायका आणि तलावापलीकडच्या गोंडांच्या वस्तीतल्या, टोलीतल्या बायका अशा मिळून त्यांची टोळी होती. कुणाची कंबर धरली, कुणाचं लेकरू रडतंय, कोण आज गप्प आहे, हे सगळं वाकलेल्या अवस्थेतच त्यांना कळायचं. मी वरोऱ्याकडची, कापसाच्या मुलखातली. चिखलात पाय घातला तर घोट्यापाशीच अडकायची. बाई हसायच्या. म्हणायच्या, "तू पोट्ट्यायले शिकव वो. चिखलाचं मी पायतो."

माझ्या लग्नाच्या दुसऱ्या वर्षी सासऱ्यांना साखर निघाली. साठी कधीच उलटली होती. तहान लागायची, रात्री उठावं लागायचं, डोळ्यांपुढे धुकं यायचं. नागभीडच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि सांगितलं, शुगर आहे. घरात कुणाला फारसं नवल वाटलं नाही. आमच्या भागात तेव्हा अशीच समजूत होती की साखर म्हणजे म्हातारपणाची, पगारदार माणसाची, पोट सुटलेल्या पुरुषाची बिमारी. सासऱ्यांना पोट होतं, पेन्शन होती, वय होतं. सगळं जुळत होतं.

बाईंनी मात्र ती बिमारी मनावर घेतली. डॉक्टरांनी सांगितलेली एकूण एक गोष्ट त्यांनी अंगाला लावून घेतली. झाडीपट्टीतल्या माणसाचा भात कमी करणं म्हणजे काय असतं, ते बाहेरच्याला कळायचं नाही. पहिल्याच दिवशी ताटात ज्वारीची भाकर आणि वाटीभर भात पाहून सासरे उसळले.

"भात नाई त जेवन कायचं गा हे? मी काय लगनात आलो का, वाटीवाटीनं वाढून रायली?"

बाई शांतपणे म्हणाल्या, "बाबा, भात हाये न. पन भांडं माह्या हाताखाली रायीन, तुमच्या नाई."

ते रागावून उठले. बाईंनी ताट झाकून ठेवलं. थोड्या वेळाने स्वतःच येऊन बसले आणि भाकर मोडली. त्यानंतर हा वाद घरात कधी झाला नाही. बुद्धपौर्णिमेला विहारातून खीर आली की त्यातली चमचाभर बाई स्वतःच्या हाताने त्यांना द्यायच्या, आणि म्हातारा लहान मुलासारखा तो चमचा पुरवून पुरवून खायचा.

पायांचं तर विचारूच नका. डॉक्टरांनी सांगितलं होतं की साखरेने पायाची संवेदना जाते, जखम झाली तरी कळत नाही, म्हणून रोज पाय बघा. संध्याकाळी दिवाबत्तीच्या आधी बाई सासऱ्यांना ओट्यावर बसवायच्या, पाय कोमट पाण्याने धुवायच्या, बोटांच्या बेचक्यांतलं पाणी टिपून घ्यायच्या आणि उजेडाकडे तळवे वळवून नीट बघायच्या. दिवसभर बांधीत वाकलेली ही बाई घरी आल्यावर पुन्हा पायांपाशी वाकलेली असायची. सासरे पुढे ऐंशी ओलांडून गेले, आणि गेले तेव्हा दोन्ही पाय, दहाही बोटं शाबूत होती. नागभीडचे डॉक्टर त्यांना बाकीच्या पेशंटांसमोर उभं करून म्हणायचे, असं राहावं. सासरे म्हणायचे, "मी काईच केलं नाई डॉक्टरसाहेब, सूनबाईले इचारा."

मग माझी पाळी आली. मला दिवस गेले होते, सहावा महिना असेल. दवाखान्यात ग्लुकोजचं गोड पाणी पाजून रक्त घेतलं आणि सिस्टर म्हणाली, साखर वाढलेली आहे. मी तिशीच्या आतली, सडपातळ, मला कशी साखर? सिस्टरने समजावून सांगितलं की काही बायकांना गरोदरपणात अशी साखर येते, बाळंतपणानंतर बहुतेक वेळा जाते, पण नंतर पुन्हा यायची शक्यता राहते. दरवर्षी तपासत जा. मी रडवेली झाले होते. बाई शेजारी उभ्या होत्या, त्यांनी सिस्टरला विचारलं, "म्हंजे हे बाईलेबी होते? अन् जवान बाईले?"

"हो, होते न," सिस्टर म्हणाली.

 दुसऱ्या दिवसापासून बाई माझ्यामागे लागल्या. ओटीभरणाच्या नावाखाली गावातून लाडू, करंज्या यायला लागल्या होत्या. दोन जीवांची आहे, खाऊ द्या, असं सगळ्यांचं म्हणणं. बाई दारातच उभ्या राहून ताटं घ्यायच्या, आणणाऱ्या बाईला बसवून चहा पाजायच्या आणि सांगायच्या, "तुमचं मन आमाले पोचलं. पन लेकरू सुखरूप पायजे का लाडू पायजे?" कुणाला राग आला नाही, कारण बाईंवर राग धरणं जमतच नसे. रोज सकाळी मला तलावाच्या पाळीवर फिरायला न्यायच्या. मी धापा टाकत असायची आणि त्या पुढे चालत त्यांच्या माहेरच्या, आरमोरीकडच्या गोष्टी सांगायच्या. त्यांच्या धाकट्या भावाला सिकलसेल होता. सांधे दुखायचे, अंग पिवळं पडायचं, आणि ऐन विशीत तो गेला. बाई त्याच्याबद्दल बोलताना पावलं हळू करायच्या.

माझी मुलगी नीट झाली. माझी साखर खाली आली. बाईंनी विहारात जाऊन मेणबत्त्या लावल्या आणि त्या दिवशी मला हवा तेवढा भात वाढला.

त्यानंतर बरीच वर्षं गेली. आमची बदली वरोऱ्याला झाली, तरी सुट्टी लागली की आम्ही गावी. बाईंची मुलगी लग्न होऊन गोंडपिपरीला गेली. अशाच एका दिवाळीच्या सुट्टीतली गोष्ट. बाई आठवडी बाजाराहून आल्या. डोक्यावर टोपलं, हातात पिशवी. सासरे ओट्यावर बसले होते, मी तांदूळ निवडत होते. सासरे हसून म्हणाले, "सूनबाई, एक चप्पल कुठी ठेवून आलीस?"

"कुठी म्हंजे? पायात हाये न," बाई म्हणाल्या, आणि मग खाली बघितलं. उजव्या पायात चप्पल नव्हती. पाऊल धुळीने भरलेलं, अंगठ्याजवळ खरचटून रक्त आलेलं. बाईंना त्याचा पत्ताच नव्हता. आम्ही सगळे हसलो, बाईसुद्धा. हसू पहिल्यांदा सासऱ्यांचं थांबलं.

"इकडे ये," ते म्हणाले. "माह्या बाबतीत असंच झालतं. चप्पल निसटते अन् पायाले कळत नाई. तुले साखर तं नाई न?"

"मले? बाबा, मी कुठी अन् साखर कुठी! माह्या आंगावर हाडं मोजून घ्या."

पण म्हाताऱ्याने हट्ट धरला. तपासल्याशिवाय मी भाकर खात नाही म्हणाले. भासरे बाईंना घेऊन तालुक्याला गेले आणि एका लॅबमध्ये तीन महिन्यांची साखर सांगणारी ती चाचणी करून आले. रिपोर्ट चांगला आला. साखर नाही. पायात मुंग्या येतात, आग होते, तर अशक्तपणा असेल, असं कुणीतरी सांगितलं आणि ताकदीच्या गोळ्या दिल्या. आम्ही सगळे निर्धास्त झालो. सासरेही. बाई म्हणाल्या, "पायलं? उगाच भाकर सोडून बसले होते."

पुढच्या रोवण्यात बाईंना चिखल्या झाल्या. त्यात विशेष काही नव्हतं. पाय दिवसचे दिवस चिखलात राहिले की बोटांच्या बेचक्यांत कातडी फुगते, सडते, भेगा पडतात. रोवण्यातल्या सगळ्याच बायकांना होतात. रात्री हळद-तेल लावायचं आणि सकाळी पुन्हा चिखलात उतरायचं. फरक एवढाच की बाकीच्या बायका कण्हत होत्या आणि बाईंना दुखत नव्हतं. त्यांना ते आपलं नशीब वाटलं. टोळीचं काम अर्ध्यावर आलेलं, पऱ्हे उपटून ठेवलेले. त्या थांबल्या नाहीत.

भासऱ्यांचा फोन आला तेव्हा मी शाळेत होते. बाईंना ताप भरलाय, पायाला वास येतोय, करंगळी काळी पडलीय. आम्ही दोघं निघालो. तोवर नागभीडच्या दवाखान्यात सुई टोचून रक्त बघितलं होतं आणि यंत्राने जो आकडा दाखवला तो बघून तिथल्या डॉक्टरांनी लगेच चंद्रपूरला पाठवलं होतं. आम्ही चंद्रपूरला पोहोचलो तेव्हा बाई खाटेवर उशीला टेकून बसल्या होत्या. पाय पांढऱ्या पट्टीत गुंडाळलेला. मला बघून म्हणाल्या, "पोरगी कोनापाशी ठेवून आलीस?"

तिथली डॉक्टर तरुण होती, बोलायला सरळ. मी तिला तो जुना रिपोर्ट दाखवला. म्हटलं, हा तर चांगला होता, मग हे एवढ्यात कसं झालं? तिने रिपोर्ट वाचला आणि विचारलं, "यांच्या माहेरी कुणाला सिकलसेल आहे?"

बाईच म्हणाल्या, "माहा भाऊ त्यातच गेला. माह्यातबी अर्धं हाये म्हनून तपासलं होतं."

डॉक्टरने मान हलवली. मग खाटेच्या कडेला बसून तिने आम्हाला समजावलं. तीन महिन्यांची साखर दाखवणारी चाचणी रक्तातल्या लाल पेशींवरून होते. सिकल अंगात असलं, अर्धं का असेना, किंवा रक्त कमी असलं, तर ती चाचणी काही वेळा खोटा दिलासा देते. आपल्या या चंद्रपूर-गडचिरोलीत बौद्धांत, गोंडांत, आणखी कितीतरी समाजांत सिकल आहे. म्हणून इथे उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखरही बघायला लागते. बाईंना साखर आज झालेली नव्हती. ती कित्येक वर्षं अंगात बसून होती.

मी म्हटलं, "पण त्या इतक्या बारीक. वयही पंचेचाळीसच्या आतबाहेर."

"तेच तर," डॉक्टर म्हणाली. "गोऱ्या लोकांच्या देशात साखर बहुतेक जाड आणि वयस्क माणसाला येते. आपल्या लोकांना दहा वर्षं आधी येऊ शकते आणि अशा काटक्या अंगातही येते. आणि लवकर आली की तिच्यासोबत जास्त वर्षं काढावी लागतात. सासऱ्यांना साठीनंतर झाली, यांना चाळिशीच्या आधीच झाली असणार. नसा, डोळे, किडनी खराब करायला तिला जास्त वेळ मिळतो."

बाई लक्ष देऊन ऐकत होत्या. त्यांनी विचारलं, "अन् बाईमानसाचं वेगळं रायते का?"

डॉक्टर म्हणाली, "पायाची जखम घेऊन माझ्या वॉर्डात पुरुषच जास्त येतात. पण बायका येतात तेव्हा उशीर झालेला असतो. आणि हृदयाच्या दुखण्यापासून बाईला निसर्गाने थोडं पाठबळ दिलेलं असतं, साखर झाली की ते जातं. म्हणून बाईने जास्तच सांभाळायचं."

"म्हंजे उलटंच करून रायलो आमी," बाई म्हणाल्या.

करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट काढावं लागलं. मला वाटत होतं, बाई खचतील. ज्यांचं सगळं आयुष्य पायांवर उभं, त्यांना हे कसं सांगायचं, असं भासऱ्यांना झालं होतं. ते बाहेर बाकावर मान खाली घालून बसले होते. शेवटी बाईंनीच त्यांना आत बोलावलं आणि म्हणाल्या, "सही करा न. दोन बोटं देऊन पाय रायते, हा सौदा काई खराब नाई." शुद्धीवर आल्यावर त्यांनी पहिलं काय विचारलं असेल, तर कुणाच्या बांधीत रोवणा राहिला आणि टोळीला कोण घेऊन गेलं.

इन्शुलिनचं इंजेक्शन मात्र त्यांना जड गेलं. सुईची त्यांना लहानपणापासून भीती. भावाला सलाईन लावताना बघवायचं नाही म्हणून त्या दवाखान्याबाहेर उभ्या राहायच्या, हे त्यांनीच मला पाळीवर चालताना सांगितलं होतं. सिस्टरने शिकवलं तेव्हा त्यांनी सुई दोनदा खाली ठेवली. मी म्हटलं, मी देते. बाई म्हणाल्या, "तू वरोऱ्याले जाशीन, मंग?" डोळे मिटले, पुन्हा उघडले आणि स्वतःच पोटाच्या कातडीची चिमूट धरून सुई टोचली. मग माझ्याकडे बघून हसल्या. घामाने कपाळ भिजलं होतं. त्या क्षणी मला त्या जशा दिसल्या तशा पुन्हा कुणी मला दिसलं नाही.

घरी आल्यावर एक नवीनच अडचण उभी राहिली. रोज पाय बघायचे, हे आमच्या घराला नवं नव्हतं. पण जी बघणारी होती तिचेच पाय आता बघायचे होते, आणि माणसाला स्वतःचा तळवा नीट दिसत नाही. लेक गोंडपिपरीला, मी वरोऱ्याला. संध्याकाळी ओट्यावर सासरे, भासरे, बाई आणि मी असे बसलो होतो. बाईंनी पाण्याचं घमेलं पुढे ओढलं आणि भासऱ्यांना म्हणाल्या, "माहा तळवा पायता का जरा?"

भासरे अबोल माणूस. आयुष्यभर शेती आणि बैल याशिवाय दुसरं काही केलं नाही. ते गडबडले. "मी? बायकोचे पाय?"

"मंग कोन पायीन? बाबाचे मी पायले. तेव्हा तुमी हाटेलात बसून चहा पेत होते."

भासरे दाराकडे बघायला लागले. रस्त्यावर लोक होते. सासरे तेव्हा खूप थकले होते, ऐकूही कमी यायचं, पण हे त्यांनी ऐकलं. म्हणाले, "मांडीवर घे. लांबून काई दिसत नाई."

आणि भासऱ्यांनी बायकोचं पाऊल उचलून मांडीवर घेतलं. आमच्या घरात, आमच्या गावात असं कुणी कधी पाहिलं नव्हतं. ते पट्टी सोडत होते, त्यांची मोठाली, घट्टे पडलेली बोटं जपून जपून फिरत होती. बाई आभाळाकडे बघत बसल्या होत्या. 

पुढे ते रोजचंच झालं. भासऱ्यांनी त्यासाठी चष्मा करून घेतला. एकदा शेजारचा एकजण रस्त्यावरून जाताना हसला, "काय गा भाऊ, बायकोचे पाय दाबून रायला का?" भासऱ्यांनी मान वर न करता उत्तर दिलं, "बैलाचे खूर रोज पायतो, तवा त कोनी हासत नाई." तो माणूस निघून गेला. गंमत म्हणजे काही महिन्यांनी तोच आपल्या आईला घेऊन आला आणि तिचे पाय कसे बघायचे ते भासऱ्यांना विचारत बसला.

रोवण्यात बाई पुन्हा जाणार का, हा प्रश्न कुणी काढलाच नाही. त्यांनी काढू दिला नाही. जखम पूर्ण भरल्यावर डॉक्टरने बजावलं की आता उघड्या पायाने चिखल बंद. मग पुढच्या हंगामात बाई गमबूट घालून धुऱ्यावर, बांधीच्या कडेच्या बांधावर उभ्या राहिल्या. चिखलात उतरायचं नाही, पण टोळी त्यांचीच. कुठली बांधी आधी, कुठे पऱ्हे कमी पडतात, कुणाला विश्रांती द्यायची, हे त्या वरून सांगायच्या. गमबूट बघून बायका हसून लोटपोट झाल्या. एकीने विचारलं, पोलीस आहात का? बाई म्हणाल्या, "हाव, पायाची पोलीस."

आणि खरोखरच त्या तसं वागायला लागल्या. संध्याकाळी काम आटोपलं की सगळ्यांनी पाटाच्या पाण्यात पाय धुवायचे आणि धुऱ्यावर बसायचं. आमच्या बोलीत पाहा म्हणायचं तर पाय म्हणतात. त्यामुळे बाई ओरडायच्या, "पाय पाय वो आपापले! शेजारनीचे पाय!" आणि बायकांची हसून पुरेवाट व्हायची. हसत हसत एकमेकींचे तळवे बघायच्या. तेव्हा चार दिवस रजा काढून मी तिथे होते. इतकी वर्षं एकत्र चिखलात वाकलेल्या बायकांनी एकमेकींचे पाय कधी बघितले नव्हते. कुणाचे फाटलेले, कुणाला जुना काटा रुतलेला, कुणाच्या टाचेत भेगा.

त्यात गोंड टोलीतली एक तरुण बाई होती. लहान मूल होतं, अंगाने वाळक्या काडीसारखी. तिच्या पायाची जखम भरत नव्हती, आणि ती सारखी पाणी पीत होती. बाईंनी तिला बाजूला घेतलं. म्हणाल्या, "दवाखान्यात चल, साखर तपासू."

ती हसली. "बाई, आमाले कायची साखर? आमी जंगलाचे मानसं. साखर त तुमच्यावाल्याले होते."

"तुह्या आजीले नसन झाली. तुही आजी कुटकी, कोदो खात होती, जंगलभर फिरत होती. तू माह्यावानीच रेशनचा भात खातेस. अन् मलेबी म्हनत होते, बारीक हायेस, तुले कायची होते?" बाईंनी खाली बसून गमबूट काढला, मोजा काढला आणि आपलं तीन बोटांचं पाऊल तिच्यासमोर ठेवलं. "हे पाय."

 दुसऱ्या दिवशी बाई तिला घेऊन नागभीडला गेल्या, आणि दोन्ही वेळची साखर बघा, तीन महिन्यांच्या एकट्या चाचणीवर जाऊ नका, याचीही स्वतः डॉक्टरांना आठवण करून दिली. डॉक्टर म्हणाले, बरोबर आहे, दोन्ही करू. साखर निघाली. तिला गोळ्या सुरू झाल्या, जखम भरली. आजही ती रोवण्याला येते. बाई माहेरवाशिणीला विचारतात तशा तिला रोज विचारतात, गोळी घेतली का, जेवलीस का, पाय पायले का.

मी स्वतः चाळिशी ओलांडली आणि सिस्टरने सांगितलं होतं तसंच झालं, माझी साखर परत आली. मी फोनवर बाईंना सांगितलं.  त्या म्हणाल्या, "बरं झालं, लवकर सापडली. आता दोघी संगं डोळे दाखवाले जाऊ. मी एकटी जाऊन कंटाळली."

तर गेल्या हिवाळ्यात आम्ही दोघी चंद्रपूरला डोळ्यांचा पडदा तपासायला गेलो. भासरे बरोबर होते. डोळ्यांत थेंब टाकले, बाहुल्या मोठ्या झाल्या. डॉक्टरांनी दिवा लावून आत बघितलं. माझा पडदा चांगला होता. बाईंच्या पडद्यावर सुरुवात झालेली होती, बारीक ठिपके. डॉक्टर म्हणाले, आत्ता घाबरण्यासारखं नाही, साखर आणि बीपी सांभाळा, वर्षभराने नक्की या, चुकवू नका. बाई म्हणाल्या, "चुकवत नाई. मले अजून लय काई पायाचं हाये."

बाहेर आलो तर ऊन डोळ्यांत सुरीसारखं घुसलं. समोरचं काही नीट दिसेना. रस्ता पांढरा, माणसं पांढरी, ऑटोवाले नुसते आवाज. बाईंनी माझा हात धरला, मी त्यांचा.

"तुले काई दिसते का?" त्यांनी विचारलं.

"नाई बाई. तुमाले?"

"मले तुही साडी दिसते, तोंड नाई." आणि त्या इतक्या मोठ्याने हसल्या की जाणारे-येणारे थांबून बघायला लागले असावेत. आम्हाला ते दिसलं नाही. भासरे चष्मा पुसत मागून आले, एका हाताने बाईंचं मनगट धरलं, दुसऱ्या हाताने माझी पिशवी घेतली, आणि म्हणाले, "चाला, इथी पायरी हाये. पाय उचला."

बाईंनी आधी डावा पाय उचलून ठेवला, मग तीन बोटांचा उजवा, आणि आम्ही तिघं हळूहळू स्टँडकडे निघालो.